बोटीत बसा, पण तोंड शिवून बसा

परदेशात शिकायला कुणी जायचं हे या देशात बापाच्या नावावरची जमीन ठरवते. हुशारी ठरवते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बँकेत जाऊन बघावं. साडेसात लाखांच्या वर शिक्षणाचं कर्ज मागितलं की साहेब मार्कशीट बाजूला सारतो आणि तारण काय देता ते विचारतो. तारण म्हणजे सातबारा. सातबारा म्हणजे जात. ज्याच्या आज्याला गावानं शिवाराच्या कडेला ठेवलं, त्याच्या नातवाकडं तारण मागायचं, आणि नाही म्हटल्यावर ‘गुणवत्ता कमी पडली’ म्हणायचं. असा हा धंदा आहे.

मी मॅट्रिक. न्हावाशेव्याच्या बंदरात कंत्राटदाराच्या हाताखाली बोटीवर कंटेनर बांधायचं काम करतो आणि जमेल तशा कविता लिहितो. गाव करकंब, तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर. तुम्ही म्हणाल, या गड्याचा आणि युरोपातल्या विद्यापीठाचा काय संबंध? आहे. मी रोज युरोपला माल पाठवतो. आमच्या भागातली द्राक्षं आणि डाळिंबं थंड पेटीत बसून माझ्या डोळ्यांदेखत रॉटरडॅमला जातात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. द्राक्षाच्या मण्यात औषधाचा अंश किती उरला ते प्रयोगशाळा तपासते, दाखला देते, शिक्का मारते. माल नासू नये म्हणून पेटीला वीज लावतात. कागद अडकला तर फोनवर फोन जातात. बोट सुटायच्या आत सगळी यंत्रणा धावते. डाळिंब तोडणाऱ्या बाईच्या पोरीला त्याच युरोपात शिकायला जायचं असेल तर तिच्या कागदासाठी कोण धावतं?

तिच्या कागदात नुसता उशीर होतो असं नाही. तिनं तिकडं जाऊन काय शिकायचं नाही, हेसुद्धा आता लिहून दिलं गेलं. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडा हिशोब. बाबासाहेबांचं लंडन आपल्याला फोटोतनं माहीत आहे. कोट, टाय, हातात पुस्तक. त्या फोटोच्या पाठीमागची वही वाचा. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पुस्तकांच्या पेट्या ज्या बोटीत होत्या ती महायुद्धात पाणबुडीनं बुडवली. बडोद्याच्या नोकरीत राहायला खोली मिळाली नाही. मग मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली. शाहू महाराजांनी दीड हजार दिले, नवल भथेनांकडून पाच हजार कर्जाऊ घेतले, आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. इकडं परळच्या चाळीत रमाईनं संसार कसा ओढला ते नव्यानं सांगायची गरज नाही. १९२१ ला एम.एस्सी., मग बॅरिस्टरी, जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं, १९२३ ला डी.एस्सी. एका माणसाच्या शिक्षणाला संस्थानिकाचा पैसा लागला, मित्राचं कर्ज लागलं, स्वतःचा पगार लागला, आणि एका बाईची उपासमार लागली.

पण मुद्दा पैशाच्या पुढचा आहे. एवढं करून या माणसानं तिकडं अभ्यास कशाचा केला? इंग्लंडातल्या फुलांचा? फ्रेंच नाटकांचा? न्यूयॉर्कला असताना मे १९१६ मध्ये निबंध वाचला तो हिंदुस्थानातल्या जातींवर. लंडनला एम.एस्सी.चा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयावर. साता समुद्रापलीकडं जाऊन हा माणूस रोज सकाळी ब्रिटिश म्युझियममध्ये बसून आपलंच घर तपासत होता. भिंत कुठं पोकळ आहे, तिजोरी कुणी फोडली, उंबऱ्याबाहेर कुणाला ठेवलं, सगळं. लंडन ही त्यांच्यासाठी उभं राहायची जागा होती. बघायचं होतं ते इथलंच.

आता २०२२ साल घ्या. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, कारागीर यांच्या पोरांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. १९५४-५५ पासूनची योजना. सगळ्या देशाला मिळून जागा १२५. त्या साली नव्या नियमावलीत एक वाक्य घुसवलं. अर्थ असा की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय घेणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही.

मित्रांनो, हे वाक्य दोनदा वाचा. जातीवर अभ्यास करायचा? पैसे नाहीत. अस्पृश्यतेच्या इतिहासावर? पैसे नाहीत. सफाई कामगार, ऊसतोड, देवदासी, वतन, वेठ? पैसे नाहीत. तू दलित आहेस म्हणून ही शिष्यवृत्ती तुला, पण तू दलित का आहेस हे तिच्या पैशावर विचारायचं नाही. बोटीत बसा, पण तोंड शिवून बसा.

बाबासाहेबांनी १९१६ साली वाचलेला जातींवरचा निबंध घेऊन कुणी या खिडकीवर गेला असता तर बाबूनं तो तिथल्या तिथं परत केला असता. रुपयावरच्या प्रबंधावर तर साहेब लोकांची एक बैठक बसली असती, हे अर्थशास्त्रात धरायचं की इतिहासात!

आणि गोऱ्यांनी काय केलं होतं? रुपयाच्या प्रबंधात बाबासाहेबांनी ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणाची सालं काढली. परीक्षकांना ते झोंबलं. त्यांनी प्रबंध सुधारून मागितला. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो पुन्हा मांडला, निष्कर्ष सोडले नाहीत, आणि १९२३ संपायच्या आत पदवीही मिळाली, पुस्तकही छापून निघालं. परक्या राजानं कुरकुर केली, पण विषयाला दार बंद केलं नाही. स्वराज्यातल्या नियमावलीनं दारच लावून टाकलं. गोऱ्यांचं गुणगान मला करायचं नाही. त्यांनी लुटलं ते लुटलंच. पण आपल्या माणसांनी केलेली गोष्ट आपल्या माणसांची म्हणून गोड लागत नाही.

सरकारची सबब अशी होती की या विषयांची साधनं आणि जाणकार इथंच भरपूर आहेत, तर परदेशाचा खर्च कशाला? ऐकायला बरं वाटतं. जरा दाबून बघितलं की फुटतं. पहिली गोष्ट, साधनं. कंपनी सरकारची आणि इंग्रज राजवटीची दफ्तरं, इंडिया ऑफिसचे कागद, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या पूर्वजांची नोंद साहेबानं केली आणि तो ती घेऊन गेला. ती वाचायला तिकडं जावं लागतं. दुसरी गोष्ट, जाणकार. इथला जाणकार कोण? बहुतेक विभागांत वरच्या खुर्च्यांवर कुठली आडनावं बसलीत ते पाट्या वाचून कळतं. ज्याच्यावर संशोधन करायचं त्याचीच सही प्रबंधावर घ्यायची, ही इथली रीत. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला पीएच.डी. करत होता. महिनोन् महिने फेलोशिप थकलेली, वसतिगृहातून बाहेर काढलेला. १७ जानेवारी २०१६ ला आपण त्याला गमावलं. इथं सगळं भरपूर आहे म्हणणाऱ्यांनी हे तारखेसकट पाठ करावं.

लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आपल्याला माहीत आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते तीस लाखांहून जास्त पौंड मोजून घेतलं. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. घर घेतलं त्याला माझा विरोध नाही. आपल्या बापाचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या हातात का राहावं? पण सात वर्षांत काय झालं बघा. २०१५ साली त्या भिंतींना हार घातला आणि २०२२ साली त्या भिंतीआड बसून झालेला अभ्यास करायला मनाई केली. बाबासाहेबांचा पलंग चालतो, टेबल चालतं, चष्मा चालतो. त्या टेबलावर मांडलेला प्रश्न चालत नाही. पुतळ्याचं राजकारण ते हेच. तोंड दगडाचं असलं की पुतळा सगळ्यांना आवडतो.

आता करकंबला या. माझी एक चुलत बहीण सोलापुरात एम.ए. झाली. आमच्याकडं उजनीचं पाणी आल्यापासून ऊस झाला आणि उसाबरोबर टोळ्या आल्या. मुकादम उचल देतो, नवरा-बायकोची मिळून एक कोयता धरतात, आणि बाई त्यात अर्धा कोयता. पहाटे मोळ्या बांधणारी, डोक्यावरनं गाडी भरणारी, पोटुशी असताना फडात उभी राहणारी बाई हिशोबात अर्धी. बहिणीला हाच अर्धा कोयता अभ्यासायचा होता. बाईची मजुरी तिच्या नावावर का पडत नाही, उचल फिटत का नाही, आणि दुसऱ्या देशांतल्या शेतमजूर बायकांनी यावर काय केलं. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं तिला प्रवेश दिला. पत्र आलं तेव्हा वस्तीत पेढे वाटले.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असल्यासारखंच आहे. एका योजनेत तिचा विषय बसेना. दुसऱ्या योजनेत तिचं विद्यापीठ बसेना. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत सहा चकरा झाल्या. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही. स्वखर्चानं जावं म्हटलं तर जर्मनीत एखाद-दुसरं राज्य सोडलं तर सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी घेत नाहीत, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खाण्या-राहण्याचे पैसे आधी बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो झाला. आपले अकरा-बारा लाख. तिथं गेल्यावर त्यातनं महिन्याला ९९२ युरो हातात येतात. त्याच्याआधी मार्कशीट तपासून घ्यायला अठरा हजार, इंग्रजीच्या परीक्षेला तेवढेच, विमान वेगळं. शिक्षण फुकट आणि उंबरा अकरा लाखांचा. माझी मजुरी पाच वर्षं न खाता-पिता साठवली तर तो उंबरा ओलांडता येईल. बहीण आज तालुक्याला एका खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. अर्धा कोयता अर्धाच राहिला.

ही एका पोरीची रड म्हणून मी सांगत नाही. सगळ्या दारांना एकाच सुतारानं कड्या बसवल्यात, ते दिसावं म्हणून सांगतो.

विद्यापीठ का बसेना? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या पोरांसाठी ७५ जागा. त्यातनं पोरं गेली, शिकली, चांगली झाली. योजना मोलाची आहे म्हणूनच बोलायचं. अलीकडच्या जाहिरातींत अट अशी की विद्यापीठ क्यूएस नावाच्या यादीत जगातल्या पहिल्या २०० त असलं पाहिजे. ही यादी एक खाजगी इंग्रजी कंपनी काढते. आता गंमत बघा. ज्या बॉन विद्यापीठात बाबासाहेबांनी नाव घातलं ते या कंपनीच्या २०२४ आणि २०२५ च्या यादीत २०० च्या बाहेर होतं. म्हणजे बाबासाहेबांच्या पावलावर पाऊल ठेवून कुणी बॉनला निघालं तर शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेनं म्हणायचं, तुमचं विद्यापीठ खालच्या पायरीचं! आम्ही पंढरपूर तालुक्यातली माणसं. पायरी म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवू नये. चोखोबाला पायरीशीच ठेवलं होतं, आणि देवळाचं दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. विद्यापीठांची उतरंड करून तिच्या टोकावर पोचणाऱ्यालाच पैसे द्यायचे, तर जो आधीच वर आहे तोच जाणार. शहरातला, इंग्रजी शाळेतला, ज्याच्या घरात आधी एक पदवी आहे तो. करकंबची पोरगी यादीच्या बाहेर, फडाच्या आत.

आणि यादीत नाव आलं म्हणून सुटका होते असंही नाही. २०२५ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीला १०६ जण निवडले गेले आणि जुलैत त्यातल्या ४० जणांनाच पत्रं मिळाली. उरलेल्यांना सांगितलं, पैसा उपलब्ध झाला तर बघू. विद्यापीठ सप्टेंबरात उघडतं. ‘बघू’ म्हणजे काय ते पोटावर जगणाऱ्या माणसाला कळतं. आमचा मुकादम पण असंच म्हणतो.

आता आपल्यातल्याच काही मित्रांचा सवाल. परदेशात गेलेली पोरं चळवळीच्या काय कामाची? गेली की गेली, तिकडंच घर करतात, इकडं १४ एप्रिलला फोटो टाकतात. बाबासाहेबांनीच १९५६ साली आग्र्याला शिकलेल्यांनी दगा दिला म्हणून खंत केली ना? केली. सवाल खोटा नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसल्यावर पहिल्या कामांत कुठलं काम केलं? अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं आणि त्यात पोरांना परदेशी शिकवायचा खर्च सरकारनं उचलावा म्हणून मागणी केली. त्यातनं सरकारनं वर्षाला तीन लाख मंजूर केले. खंत करणारा माणूस आणि पोरं पाठवणारा माणूस एकच. शिकलेला फितूर होतो म्हणून शिकू नका, हे बोलणं पेशव्यांचं आहे. ते आपल्या तोंडी शोभत नाही. त्यापेक्षा गेलेल्याला वस्तीशी बांधून ठेवणारा दोर कुठला, ते शोधा.

दोर असतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावचा राजू केंद्रे भटक्यांच्या घरातला. २०२१ साली ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला सोआसमध्ये शिकायला गेला. त्याच्या एकलव्य संस्थेत गावाकडच्या पोरांना अर्ज कसा भरायचा, पत्र कसं लिहायचं ते शिकवतात. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्याला नेमकं हेच कुणी सांगत नाही. वरच्या जातीच्या पोराला मामा सांगतो, आत्याचा मुलगा सांगतो, शेजारचे काका सांगतात. त्याचं अर्धं परदेश घरातच असतं. आपल्याकडं मामा गोदीत.

तिकडं स्वर्ग आहे असंही कुणी समजू नये. जातीला पासपोर्ट लागत नाही. लंडनमध्ये, बर्मिंगहॅममध्ये आपले लोक जातिभेदाविरुद्ध कायदा मागत राहिले. तिथल्या पार्लमेंटानं २०१३ साली जात कायद्यात घ्या म्हणून सरकारला सांगितलं, आणि २०१८ साली सरकारनं घेणार नाही म्हणून हात झटकले. विरोध करायला कोण उभे होते? इथनं गेलेल्यांच्याच संघटना. म्हणजे आपला शत्रू बोटीनं आपल्या आधी पोचलाय आणि तिथं स्थिरस्थावर झालाय. मग जात म्हणजे काय हे तिथल्या वर्गात, तिथल्या कोर्टात, तिथल्या भाषेत सांगायला कुणी जायचं नाही? जातीवर बोलायचं नाही या अटीवर पाठवलेला पोरगा तिथं काय सांगेल? योगाचे फायदे?

म्हणून मागणी साधी आहे आणि ती भीक नाही. विषयावरची बंदी कुठल्याही नियमावलीत पुन्हा दिसता कामा नये. यादी एका परक्या कंपनीची असू नये. विषयाला योग्य विद्यापीठ कुठलं ते जाणकारांनी ठरवावं. निवड झाली त्या आठवड्यात पैशाचं पत्र हातात पडावं. बंद खात्याचे पैसे सरकारनं भरावे, कारण सातबारा नसणं हा पोरीचा गुन्हा नाही. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरून देणारा माणूस असावा. यातलं एकही काम अवघड नाही. डाळिंबासाठी यातली सगळी कामं सरकार करतंच.

आणि आपलं काम वेगळं. जो जाईल त्यानं तिकडं जाऊन आपलाच विषय घ्यायचा. परवानगी असो नसो, वर्गात असो, वर्गाबाहेर असो. अर्धा कोयता, गटार, वेठ, स्मशान, जे अंगावर लिहिलंय तेच कागदावर लिहायचं. जो इथं राहील त्यानं त्याच्या घरचं बघायचं, त्याच्या रमाईला परळच्या चाळीत एकटी पडू द्यायची नाही. पन्नास जणांनी महिन्याला शंभर काढले तर एका पोरीच्या परीक्षेची आणि कागदाची फी सात-आठ महिन्यांत उभी राहते. आमच्या टोळीत मी हे बोललो तेव्हा एकोणीस जण तयार झाले. मॅट्रिकच्या पुढं कुणीच शिकलेलं नाही. तुम्ही बी.ए., एम.ए. वाले किती जण तयार होता ते बोला. करकंबच्या पोरीचा पुढच्या वर्षीचा अर्ज आम्ही भरणार आहोत, विषय तोच ठेवून.